खाडीत उतरण्याआधी तिथी बघा

स्वतः वल्हं हातात घेऊन पहिल्यांदा खाडीत उतरलो तो दिवस अमावास्येचा होता. तेव्हा ते लक्षातही आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी तिथीचा कयाकशी काही संबंध असेल असं वाटलं नसतं. जागा मालवणच्या उत्तरेची, कालावलची खाडी. भाड्यानं घेतलेले दोन कयाक, आम्ही चौघं, डब्यात घावणे आणि खोबऱ्याची चटणी. नाश्ता वगैरे उरकून अकराला निघालो. पाणी काठोकाठ भरलेलं, हलतसुद्धा नव्हतं. मजेत वल्हवत वर गेलो, कांदळवनात शिरणाऱ्या एका अरुंद फाट्यात घुसलो, बांधाला कयाक लावले, डबे उघडले आणि माडाच्या सावलीत आडवे झालो. अडीचला उठून बघतो तर खाडी गायब. म्हणजे मुख्य पात्र दूर चमकत होतं, पण आमच्या फाट्यात गुडघाभर काळा चिखल आणि त्यावर आडवे पडलेले आमचे दोन पिवळे कयाक.

साडेचारच्या सुमारास कुर्ल्या पकडायला आलेले एक काका दिसले. त्यांनी आधी आमच्याकडे, मग कयाककडे पाहिलं आणि म्हणाले, "आज अवस ना? आता रात्री आठाक पाणी येतला." झालं. कयाक माडाला बांधून आम्ही बांधावरून चालत रस्त्याला लागलो. भाडं दुप्पट पडलं, आणि चूक सगळी आमचीच असल्यामुळे भांडायलाही कुणी नव्हतं.

कोकणात पाण्यावर खेळायला जाणाऱ्यांना जाकिटं घाला, टोपी घाला, मोबाइल पिशवीत ठेवा असं सगळं सांगितलं जातं. ते बरोबरच आहे, आणि त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण खाडीत पाणी कधी असतं, कुठे चाललेलं असतं आणि किती जोरात चाललेलं असतं, हे सहसा कुणी सांगत नाही. आपण हॉटेलच्या नाश्त्याच्या वेळेवर होडी ठरवतो. खाडी मात्र चंद्राच्या वेळेवर चालते. तेव्हा सुरुवात तिथून करू.

किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारच्या आणि संध्याकाळी साडेचार-पाचच्या सुमारास पाणी भरलेलं. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वा अकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीपासून सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण ते एक तासानं पुढे सरकते. पाऊणपटीचा हिशेब बसतो तो त्यामुळेच. हा ठोकताळा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं असतात, मोबाइलवरही ती सहज मिळतात. पण सहल कोणत्या दिवशी ठेवायची हे घरबसल्या ठरवायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरे.

एक दुरुस्ती लक्षात ठेवायची. ही वेळ समुद्राच्या तोंडाशी. खाडीत जसजसं आत जाल तसतशी भरती उशिरा पोचते आणि ओहोटीही उशिरा लागते. किती उशिरा, ते त्या त्या खाडीच्या लांबीवर आणि वळणांवर अवलंबून. ते तिथल्या माणसालाच विचारावं.

तिथीवरून दुसरी गोष्ट कळते ती जोराची. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे एकदोन दिवस म्हणजे उधाण. सप्तमी-अष्टमी-नवमीच्या आसपास भांग. मालवणच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो, भांगात तो एक मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. मुंबईकरांना दोन मीटर किरकोळ वाटतील, कारण तिकडे उधाणाला हा फरक चार मीटरच्या पुढे जातो. पण दोन मीटर पाणी सहा तासांत एका अरुंद मुखातून बाहेर पडायचं असेल तर ते रमतगमत जात नाही. शिवाय ते सहा तास सारख्या वेगानं ओसरत नाही. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं. आमचं नेमकं असंच झालं होतं: सव्वा अकराची भरती, आणि दीड ते अडीचच्या दरम्यान खाडी पायाखालून निघून गेली.

नवख्या माणसाचा कयाक स्थिर पाण्यात ताशी तीन-चार किलोमीटर जातो. उधाणाच्या ओहोटीत मुखाजवळचं पाणी जवळपास त्याच वेगानं उलटं वाहत असतं. अशा वेळी तुम्ही तासभर वल्हवता आणि काठावरचा तोच माड तुमच्या शेजारी उभा असतो. हसू येतं, पण फक्त पहिली दहा मिनिटं. म्हणूनच एका होडीवाल्यांना मी फोनवर कधी येऊ असं विचारलं तेव्हा त्यांनी तारीख न सांगता एवढंच सांगितलं: "भांगात येवा."

आता या सगळ्यातून दिवस कसा निवडायचा? ऐन भांगात सकाळची भरती उजाडण्याआधीच येऊन जाते, म्हणून माझी पसंती दशमी ते त्रयोदशी. नवख्यांनी दशमी-एकादशी घ्यावी: भरती साडेसात ते सव्वाआठला, पाण्याला फारसा जोर नाही. सात वाजता उजाडलं की निघायचं, भरतीच्या शेवटच्या पाण्यावर सावकाश वर जायचं, पाणी थबकतं तेव्हा काठाला लागून चहा प्यायचा आणि हलक्या ओहोटीबरोबर परतायचं. (एकादशीचा उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी ही कयाकवर न्यायला उत्तम वस्तू आहे. सांडते, पण भिजत नाही.) थोडा हात बसलेल्यांनी द्वादशी-त्रयोदशीला जावं. तेव्हा भरती नऊ ते पावणेदहाला, म्हणजे दोन-अडीच तास वर जायला मिळतात आणि परतीला पाणी खरोखर ढकलतं. संध्याकाळची सहल हवी असेल तर पंचमी किंवा षष्ठी. भरती पावणेचार ते साडेचारला, आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्याआधी परत.

सकाळ बरी असं सांगण्यामागे वाराही आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात ते मंद असतात. अकरा-बारानंतर समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि दुपारी दोन ते पाच ते चांगलेच भरात असतात. खाडी पश्चिमेला उघडते, त्यामुळे हा वारा थेट आत घुसतो. ओहोटीचं पाणी बाहेर चाललेलं आणि वारा आत येतोय, अशी गाठ पडली की मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. कयाक उलटवायला त्या पुरतात. दुपारी समुद्राकडे तोंड करून परतायची पाळी आपल्यावर येऊ द्यायची नाही, एवढं साधलं तरी निम्मी काळजी मिटते.

कुठे जायचं? सिंधुदुर्गात आधी नाव येतं कर्लीचं. तारकर्ली-देवबाग ही एक लांबट वाळूची जीभ. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मध्ये माडांतली घरं. नदी जिथे समुद्राला मिळते तो देवबागचा संगम, पलीकडे भोगवे. संगमाजवळ ओहोटीला उघडं पडणारं एक वाळूचं बेट आहे, त्याला सगळे 'त्सुनामी आयलंड' म्हणतात. तिथे जेट-स्की, बनाना राइड, भजी, चहा, फोटो असा बाजार असतो. ज्याला ते आवडतं त्यानं जरूर जावं, पण मुलांना तिथे कयाक शिकवायला नेऊ नये. मुखाचा ओढा, इंजिनाच्या बोटींच्या लाटा आणि सतत जागा बदलणारी वाळू, हे तिन्ही एकाच ठिकाणी आहेत. कर्लीची खरी मजा उलट दिशेला, मुखापासून निदान किलोमीटरभर आत गेल्यावर सुरू होते. नेरूरपारच्या पुलाच्या दिशेनं वर गेलात की बोटींचा आवाज मागे पडतो, दोन्ही काठांवर कांदळ आणि माड, आणि पाण्यावर झेपावणारा खंड्या. मला विचाराल तर संगमापेक्षा हा भाग दहापटीनं देखणा.

कालावलची खाडी म्हणजे गड नदी. इथेही तोंडवळी-तळाशीलची तशीच वाळूची जीभ आहे, आणि समोरच्या काठावर रेवंडी, म्हणजे 'वस्त्रहरण'वाल्या मच्छिंद्र कांबळींचं गाव. वर गेलात की मसुऱ्याचा भरतगड आणि पलीकडच्या काठावर भगवंतगड, असे दोन किल्ले नदीच्या दोन बाजूंना एकमेकांकडे बघत उभे दिसतात. पण या खाडीचं वैशिष्ट्य म्हणजे तिच्यातले जुवे. नदीतल्या बेटाला इकडे जुवा म्हणतात. हडीजवळचा पाणखोल जुवा, मसुऱ्याजवळचा खोतजुवा, अशी बेटं पात्राच्या मधोमध आहेत आणि त्यांवर घरंदारं आहेत. बाजारहाटाला होडी, पाहुणा आला तरी होडी. आपण ज्याला जलक्रीडा म्हणून पैसे मोजतो ते इथलं रोजचं जाणं-येणं आहे. जुव्याला कयाक लावायचा असेल तर आधी हाक मारून विचारा. ती कुणाच्या तरी घराची पायरी असते.

कुटुंबात लहान मुलं किंवा सत्तरीचे आईवडील असतील आणि स्वतः वल्हवायचं नसेल, तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतली कांदळवन सफर घ्या. तिथल्या महिला बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारत होडी नेतात, इंजिन नाही. झाडं ओळखायलाही त्यांच्याकडूनच शिकावं: चिखलातून पेन्सिलींसारखी श्वासमुळं वर काढणारी तिवरं, कमानीसारख्या मुळांवर उभा राहणारा कांदळ, चिप्पी, काटेरी पानांची मारांडी. त्यांतलं एक झाड मात्र लांबूनच बघायचं, ते म्हणजे गेवा. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. कांदळवनातून जाताना फांद्या मोडू नयेत याचं कायद्यापलीकडचं हे दुसरं कारण.

विजयदुर्गाची वाघोटण खाडी खोल आहे. आंग्र्यांच्या आरमाराची गोदी तिच्या काठी होती ती उगीच नव्हे. तिथे मोठ्या बोटीतून फिरावं, कयाक काठाकाठानंच. दक्षिणेला तेरेखोल ही महाराष्ट्र-गोव्याची हद्द, शांत आणि रुंद. पण तेरेखोलच्या वरच्या भागात, चिपळूणजवळ वाशिष्ठीत आणि गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, हे पोहायला उतरण्याआधी माहीत असावं. वाशिष्ठीत आणि कुंभारजुव्याला मगरी बघायच्या होडीच्या सफरीच निघतात. तिथे हातसुद्धा होडीबाहेर लोंबता ठेवू नये. गोव्यात गेलातच तर रायबंदरहून फेरीनं चोडण गाठा. तिथलं सलीम अली पक्षी अभयारण्य मांडवीच्या काठावरच्या कांदळवनात आहे, आणि भरती असेल तेव्हाच होडी आतल्या फाट्यांतून फिरू शकते. पुन्हा तिथी आलीच.

खळाळत्या पाण्यातलं राफ्टिंग हा वेगळा प्रांत. कोलाडच्या कुंडलिका नदीला चंद्राशी देणंघेणं नाही. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून उतरतं, रावळजेच्या बंधाऱ्यातून सोडलं जातं आणि मग नदीला बाराही महिने, म्हणजे ऐन मेमध्येही, राफ्ट चालण्याइतकं पाणी मिळतं. ते सोडतात ते विजेसाठी, आपल्यासाठी नव्हे, आणि बहुधा सकाळी. म्हणून कोलाडला आदल्या रात्री पोचावं. दहा वाजता पुण्याहून निघून दुपारी राफ्टिंग करू म्हणणारे लोक कुंडलिकेचे दगड मोजून परत येतात. गोव्यात म्हादईचं राफ्टिंग पावसाच्या पाण्यावर चालतं, जून ते सप्टेंबर. त्यामुळे पावसाळ्यात नदीत उतरायची हौस असेल तर ती अशाच ठिकाणी, हेल्मेट घालून आणि प्रशिक्षित माणसाबरोबर भागवावी. खाड्यांमध्ये पावसाळ्यात जाऊ नये. पाणी गढूळ, ओढा दुप्पट, आणि वरून वाहत येणारे ओंडके दिसत नाहीत. समुद्रातले आणि खाडीतले पर्यटनाचे खेळ मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद ठेवले जातात, ते सरकारी हट्ट म्हणून नव्हे. मालवणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जातो, मासेमारी पुन्हा सुरू होते, तरी हौशी माणसानं आणखी दोन महिने कळ काढावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस. ऑक्टोबरात दुपारी परतीच्या पावसाचे ढग येतात. गडगडाट ऐकू आला की क्षणभरही विचार न करता काठाला लागायचं.

आता जाकीट. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, आणि ती बातमी वाचल्यावर महिनाभर सगळे जाकीट घालत होते. नंतर पुन्हा ते बुडाखाली घेऊन बसणं सुरू झालं, कारण उकडतं. जाकीट अंगात असेल तरच जाकीट. घातल्यावर दुसऱ्या कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत वर आलं तर सैल आहे. पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल आणि माणूस खाली राहील. लहान मुलांना मोठ्यांचं जाकीट दोरीनं आवळून चालत नाही. त्यांच्या वजनाचं आणि पायांमधून पट्टा असलेलं मागा. नसेल तर मुलाला काठावर शंख-शिंपले वेचू द्या आणि पैसे परत घ्या. हवेच्या रबरी ट्यूब, हंस, फ्लेमिंगो वगैरे तरणतलावासाठी. मतलई वाऱ्यात ती मुलासकट समुद्राकडे निघतात.

पैसे देण्याआधी चालकाला चार प्रश्न विचारावेत. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि किती माणसं बसू शकतात ते लिहिलेलं आहे का? कयाक उलटला तर आणायला कोण येणार, आणि ती बोट आत्ता कुठे आहे? आज भरती किती वाजता? विमा आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जो मोबाइल न बघता देतो, त्याच्याबरोबर जावं. "काय होत नाय, बिनधास्त जावा" हे उत्तर ज्याच्याकडून येईल त्याला नमस्कार करून पुढे निघावं. बहुतेक होडीवाले पहिल्या प्रकारचे असतात. पिढ्यान् पिढ्या त्याच पाण्यावर जगलेली गाबित समाजाची माणसं आहेत ती, आणि त्यांना विचारलं तर आवडतं. रीतसर शिकायचंच असेल तर पणजीजवळ राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, आणि तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा व जलक्रीडेचं प्रशिक्षण केंद्र.

अंगावर लांब बाह्यांचा पातळ शर्ट, गळ्याला दोरी असलेली टोपी, आणि पायांत जुने कॅनव्हासचे बूट. चपला चिखलात राहतात आणि अनवाणी पाय कालवांच्या धारेनं फाटतात. खडकांवर, पुलाच्या खांबांवर, कांदळाच्या मुळांवरसुद्धा कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची कड ब्लेडसारखी. उथळ पाण्यात उतरायचं झालंच तर पाय उचलून टाकू नका, तळाला घासत सरकवा. वाळूत पाकट बसलेलं असतं, घासल्याची चाहूल लागली की ते निघून जातं, पण पाय थेट वर पडला तर शेपटीचा काटा मारतं. जाळ्यातल्या शेंगटीला हात लावायचा मोहही आवरावा, तिच्याही काट्याला विष असतं. दोन्हींवर पहिला उपाय म्हणजे सोसवेल इतक्या गरम पाण्यात जखम बुडवून ठेवणं, आणि मग दवाखाना.

माणशी दोन लिटर पाणी न्या. चारी बाजूंनी पाणी असतं, पण प्यायला एक घोट नसतो, आणि ऊन पाण्यावरून उलटून खालूनही लागतं. मोबाइल घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा कयाकला बांधलेला. एक शिट्टी जाकिटाला. परतायची वेळ काठावरच्या कुणाला तरी सांगून ठेवलेली. दारू पाण्यावर नाही, पाण्यावर जाण्याआधीही नाही. यावर चर्चा करत बसणाऱ्या मित्राला किनाऱ्यावर सामान राखायला ठेवावं.

कयाक उलटतोच कधीतरी. उलटला की त्याला सोडायचं नाही. तो तरंगतो आणि लांबून दिसतो. तुमचं डोकं दिसत नाही. वल्हं धरून ठेवा, कयाकच्या वरच्या अंगाला राहा, नाहीतर तो आणि एखादा खांब यांच्यामध्ये तुम्ही सापडाल. ओढा असेल तर पाय पुढे करून उताणे तरंगा, तळाला पाय टेकवायचा प्रयत्न करू नका. आणि थेट काठाकडे झुंजण्यापेक्षा प्रवाहाला तिरकं जात काठ गाठा. या खाड्यांमध्ये आणखी एक धोका माणसानं तयार केलेला आहे. वर्षानुवर्षं वाळू उपसल्यामुळे तळात खड्डे आहेत. पोटरीभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल डोक्याएवढ्या पाण्यात पडू शकतं. त्यामुळे कंबरभर पाणी दिसतंय म्हणून जाकीट काढायचं नाही.

चिखलात रुतलात, आणि ओहोटीचा अंदाज चुकला तर रुतालच, तर धडपडू नका. जितके हलाल तितके खाली जाल. मागे रेलून बसा, वजन पसरा, वल्हं आडवं टाकून त्यावर भार द्या आणि एकेक पाय हळूहळू सोडवा. बूट गेला तर जाऊ द्या. मग कयाकमध्ये चढून पाण्याची वाट बघा. पाणी येतंच.

खाडीत आपल्याआधीपासून लोक काम करतात, हे विसरू नये. पाण्यात ओळीनं रोवलेले खुंट दिसले तर मध्ये जाळं आहे, वळसा घाला. पागर, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणारा माणूस उभा असेल तर त्याच्या मागून जा, पुढून गेलात तर त्याचा अर्ध्या तासाचा संयम वाया जातो. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढत असतील तर दोरीच्या आतून कयाक काढायचा नाही. उतरून दोरीला हात लावलात तर कुणी नको म्हणत नाही, आणि परतताना मूठभर मासळी हातात पडण्याचीही शक्यता असते. मोठ्या बोटीला आपण वाट द्यायची, ती आपल्याला देऊ शकत नाही. तिची लाट आली तर कयाकचं नाक लाटेकडे वळवा, कूस देऊ नका. गाणी लावायची असतील तर खोलीवर लावा.

निघण्याच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी पाहायच्या: हवामान खात्याचा अंदाज आणि लाटांच्या उधाणाबद्दल हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेचा इशारा. लांब कुठेतरी समुद्रात वादळ असलं तरी निरभ्र दिवशी इथल्या मुखाशी मोठ्या लाटा येऊ शकतात. इशारा असेल तर मुखाकडे जाणं रद्द. आतल्या खाडीचं होडीवाल्याला विचारा.

आणि होडी ठरवायला फोन कराल तेव्हा "येत्या शनिवारी आहे का मोकळी?" असं विचारू नका. दिनदर्शिका समोर घ्या आणि "एकादशीला येऊ की द्वादशीला?" असं विचारा. पलीकडचा माणूस क्षणभर थांबेल, आणि मग दर थोडा कमी सांगेल.